वरून कुरण, खाली बॉग

पुण्याहून कोणाचाही फोन आला की एक वाक्य ठरलेलं असतं, "तुमच्याकडे काय बाई, सगळं हिरवंगार!" आणि ते खोटं नाहीये. आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेत, डिसेंबरातही गवत हिरवं असतं, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, फोटो कुठूनही काढा, छानच येतो. पण इथे राहून राहून त्या हिरव्या रंगावरचा माझा भरवसा कमी होत गेलाय आणि त्याला कारण इथले आजचे आर्टिस्ट. आयर्लंड म्हटलं की आपल्याकडे कविता, नाटकं आणि पब इथवर गाडी येऊन थांबते, चित्रं-शिल्पं-व्हिडिओ वाल्यांबद्दल मराठीत फारसं काही माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

आधी इथली जमीन थोडी समजून घ्यावी लागते, नाहीतर यातलं बरंच काही डोक्यावरून जातं. या देशात जंगल आहे जमिनीच्या ११-१२ टक्के, युरोपात अगदी खालच्या नंबरात, आणि त्यातलाही मोठा भाग सिटका स्प्रूसचा, म्हणजे मूळ उत्तर अमेरिकेचं झाड, लाकडासाठी ओळीने लावायचं आणि वाढलं की सगळं एकदम कापायचं. इथली स्वतःची ओक, बर्च, हेझल अशी झाडी म्हणाल तर देशाच्या साधारण दोन टक्के जमिनीवर. बाकी जे हिरवं दिसतं ते गुरांचं गवत. आणि मग बॉग. सखल, पाणी धरून ठेवणारी जमीन, तिच्यावर स्फॅग्नम नावाचं शेवाळासारखं मॉस वाढतं, खालचं मरतं पण पाण्यात हवा नसल्यामुळे कुजत नाही, साठत जातं, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे एक मीटर खोल खणलं की हजार वर्षं. तोच पीट, तो कापून वाळवला की टर्फ, आणि टर्फवर इथली घरं शतकानुशतकं तापली, स्वयंपाक झाले. देशाची जवळपास पाचवा हिस्सा जमीन पीटची आहे.

गॉलवे काउंटीच्या पश्चिम भागात, कॉनेमारात, क्लिफडनजवळ डेरीगिमला नावाचा बॉग आहे. १५ जून १९१९ ला अल्कॉक आणि ब्राउन हे दोन वैमानिक न्यूफाउंडलंडहून निघून कुठेही न थांबता अटलांटिक ओलांडून इथे आले, जगात पहिल्यांदाच, आणि वरून त्यांना खाली सपाट हिरवं कुरण दिसलं म्हणून त्यांनी विमान उतरवलं. तो बॉग होता. विमानाचं नाक रुतलं, शेपटी वर, दोघंही सुखरूप बाहेर आले. जवळच मार्कोनीचं वायरलेस स्टेशन होतं, १९०७ पासून अटलांटिकपलीकडे संदेश पाठवणारं, आणि त्याची वीज त्याच बॉगमधला पीट जाळून तयार व्हायची. १९२२ मध्ये यादवी युद्धात स्टेशनवर हल्ला झाला, मग ते बंदच पडलं. आता तिथे पाये, भिंतींचे अवशेष आणि फिरायला एक छान रस्ता आहे.

याच जागी ऑक्टोबर २०२० मध्ये जॉन जेरार्ड या आयरिश आर्टिस्टने 'लीफ वर्क' हे काम ठेवलं होतं. गॉलवे त्या वर्षी युरोपियन कॅपिटल ऑफ कल्चर होतं आणि कोविडने त्यातले किती तरी कार्यक्रम गिळले, पण हे झालं. काउंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, जायला बंदी होती, डेरीगिमला आमच्याच काउंटीत, त्यामुळे मला जाता आलं याचं अजूनही बरं वाटतं. बॉगच्या मधोमध सात मीटरचा एक चौकोनी ठोकळा उभा. तीन बाजूंना आरसे. ऑक्टोबरात बॉग हिरवा नसतो, तांबूस-तपकिरी असतो, तर तो सगळा तांबूस पसारा, त्यातली काळी डबकी, पळणारे ढग, सगळं त्या आरशात, इतकं की एका कोनातून ठोकळा दिसेनासाच व्हायचा. आणि चौथ्या बाजूला एलईडीची भिंत, तिच्यात डोक्यापासून पायापर्यंत पानांनी झाकलेली एक आकृती. चेहरा नाही. ती सावकाश गोल फिरते, वाकते, हात पसरते, परत फिरते. हे रेकॉर्ड केलेलं नसतं, जेरार्डच्या कामात कॉम्प्युटर ते दृश्य त्या त्या क्षणाला घडवत असतो, त्यामुळे सुरुवात नाही, शेवट नाही, तुम्ही निघून गेलात तरी ती आकृती फिरतच राहते. पृथ्वीचं आपण जे करून ठेवलंय त्याबद्दलचा हा शोक आहे, असं त्या कामामागचं म्हणणं. मी बराच वेळ उभी होते, वाऱ्याने डोळ्यातून पाणी येत होतं आणि थोड्या वेळाने ते वाऱ्यामुळेच येतंय का हे मला सांगता आलं नसतं.

माझ्याबरोबर आलेली मैत्रीण म्हणाली की बॉगवर एलईडीची भिंत आणून हवामानाबद्दल रडायचं हे काही पटत नाही, याची वीज कुठून येते? तिचा मुद्दा मला बरोबर वाटतो आणि मला वाटतं काम त्या मुद्द्यापासून पळतही नाही. याच जागी पीट जाळून वीज केली, त्या विजेवर जगाशी बोललो, आणि जे झालं ते झालं. आजच्या सर्व्हरांचीही गोष्ट तीच आहे. जागा मुद्दाम निवडलीय.

त्याआधी सप्टेंबरात याच मालिकेतलं 'कॉर्न वर्क' गॉलवे शहरात क्लॅडाच्या धक्क्यावर होतं, कॉरिब नदी समुद्राला मिळते तिथे. त्यात चार आकृत्या, सगळ्या गवताच्या काडाने मढवलेल्या, डोक्यावर काडाच्या उंच निमुळत्या टोप्या ज्या चेहऱ्यावरूनही उतरतात, आणि त्या गिरणीच्या चाकासारख्या गोल गोल फिरतात. कॉरिबवर एकेकाळी पाण्यावर चालणाऱ्या पुष्कळ गिरण्या होत्या, त्याची ती आठवण. या आकृत्या म्हणजे स्ट्रॉबॉइज. लग्नघरी रात्री बोलावणं नसताना यायचं, सगळे काडाच्या मुखवट्यात, कोण कोण आहे ते कळू द्यायचं नाही, नवरीबरोबर एक नाच करायचा आणि निघून जायचं. ते आले की संसार सुखाचा होतो अशी समजूत. आमच्या ऑफिसात शेजारच्या मेयो काउंटीतली एक जण आहे, तिला मी फोनवर फोटो दाखवला तर ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "आमच्या मावशीच्या लग्नात आले होते, मी टेबलाखाली जाऊन बसले, आई बाहेर ओढत होती पण मी काही आले नाही."

कासलबारजवळ टर्लो पार्कला नॅशनल म्युझियमची ग्रामीण जीवनाची शाखा आहे, तिथे हे काडाचे पोशाख आणि मुखवटे जवळून बघायला मिळतात. विणकाम बघण्यासारखं आहे, वेणी घालतात तशी काडाची वेणी, तिला वळसे देत देत वर नेलेलं, टोकाला गाठ. आणि इथे एक गोष्ट लक्षात येते जी मला फार महत्त्वाची वाटते. हा मुखवटा करायला लांब काड लागतं. जुन्या जातीचे ओट्स, उंच वाढणारे, हाताने किंवा बाइंडरने कापलेले. नवीन जाती बुटक्या आहेत आणि कंबाइन हार्वेस्टरमधून काड बाहेर पडतं ते चेचलेलं, तुटकं, त्याची वेणी होत नाही. म्हणजे लोकांचा विश्वास उडाला म्हणून रीत गेली एवढंच खरं नाही, शेतातून ते काडच गेलं. रीत ही कामाच्या अंगावर वाढलेली असते. काम बदललं की तिच्या पायाखालची जमीनच जाते.

मला या सगळ्या कलेबद्दल जे म्हणायचंय ते खरं तर एवढंच आहे. इथे हल्ली विधी, रिच्युअल, हा शब्द गॅलरीत सारखा वाचायला मिळतो आणि त्यातली काही कामं मला अजिबात पटत नाहीत. अंधारी खोली, घुमणारं संगीत, मॉसचा मुकुट घातलेलं कोणीतरी जंगलात संथ चालतंय, आणि भिंतीवरच्या मजकुरात प्राचीन, पवित्र, पृथ्वी. त्यात कोणाचे हात मळलेले दिसत नाहीत. जी कामं आत जाऊन बसतात त्यात नेहमी कोणाची तरी मेहनत असते, एखादी वस्तू असते जी जमिनीशी झालेल्या व्यवहारातून आलीय, काड, काटा, पीट, कातडं, आणि आर्टिस्टने ती वस्तू स्वतः हाताळलेली असते.

अॅलिस माहरचा 'बेरी ड्रेस' घ्या. १९९४ चं काम, डब्लिनच्या इम्माच्या, म्हणजे आयरिश म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या, संग्रहात आहे, दर वेळी मांडलेलं असेलच असं नाही, मला एकदा बघायला मिळालं. लहान मुलीचा फ्रॉक, अगदी छोटासा, हातभरसुद्धा नाही, आणि तो सगळा रोझहिप्सनी, म्हणजे रानगुलाबाच्या लाल फळांनी भरलेला. लांबून खूप गोड दिसतो. फळं आता सुकून काळपट-लाल झालीत, सुरकुतलीत, काही जुन्या मण्यांसारखी दिसतात. मग जवळ जाऊन खाली वाकून फ्रॉकच्या आत बघायचं. प्रत्येक फळ टाचणीने टोचून बसवलंय आणि सगळ्या टाचण्यांची टोकं आत आलीत. शेकडो. हा फ्रॉक अंगात घातला तर काय होईल हे डोक्यात यायच्या आधी अंगावर काटा येतो. माहर टिपररीच्या ग्रामीण भागातली, १९५६ चा जन्म, तिने याच काळात मेलेल्या मधमाश्यांचा ड्रेस केला, गुलाबाच्या काट्यांनी मढवलेलं छोटं घर केलं, हात लावला की झोंबणाऱ्या नेटलच्या पानांचा कोट केला. शेताच्या बांधावर जे जे काही उगवतं, टोचतं, चावतं ते सगळं. निसर्ग आणि मुलगी म्हटलं की फुलं, निरागसपणा, परकर-पोलकं, हे जे ठरलेलं असतं ते तिने एका टाचणीत संपवलंय. खेड्यातल्या मुलींना इथल्या समाजाने आणि चर्चने काय काय सोसायला लावलं हे ज्यांना माहितीये त्यांना त्या टाचण्यांबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. पुढे २०२१ मध्ये तिने रेचल फॅलनबरोबर 'द मॅप' नावाचं भलंमोठं कापडी काम केलं, मेरी मॅग्डलेनवर आणि तिच्या नावाने चाललेल्या मॅग्डलेन लाँड्रीजवर, म्हणजे 'वाईट चालीच्या' ठरवलेल्या बायकामुलींना कोंडून राबवणाऱ्या धोबीखान्यांवर, त्यातही शिवण, टाके, नकाशा, जमीन. ते मी फोटोतच पाहिलंय, त्यामुळे जास्त बोलत नाही.

काट्याचा विषय निघालाच आहे तर लटूनचं झाड. क्लेअर काउंटीत लिमरिक-गॉलवे मार्गावर नव्या मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं आणि वाटेत एक एकटं हॉथॉर्नचं झाड आलं, मे महिन्यात पांढरं फुलणारं काटेरी झाड. शेताच्या मधोमध एकटं उभं असलेलं हॉथॉर्न हे 'त्या लोकांचं', म्हणजे फेअरीजचं, ते तोडायचं नाही, अजूनही कित्येक शेतकरी ट्रॅक्टर त्याला वळसा घालून नेतात. एडी लेनिहन नावाचे जुन्या गोष्टी गोळा करणारे आणि सांगणारे गृहस्थ आहेत, त्यांनी १९९९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की मन्स्टर प्रांताचे फेअरी कॉनॉट प्रांताच्या फेअरींशी लढायला जातात तेव्हा या झाडापाशी जमतात, ते तोडलंत तर या रस्त्यावर अपघात होत राहतील. बातमी जगभर गेली. आणि झाड वाचलं, रस्त्याच्या आखणीत ते सांभाळून घेतलं गेलं. २००२ मध्ये कोणीतरी रात्री येऊन त्याच्या फांद्या करवतीने छाटल्या, तरी ते परत फुटलं. शॉन लिंच या केरीच्या आर्टिस्टने २००६ मध्ये 'लटून' नावाचा व्हिडिओ केला, त्यात लेनिहन तिथे उभे राहून हे सगळं सांगतायत. बस, एवढंच. ना स्पेशल इफेक्ट, ना कसली खिल्ली. मला लिंचचं हे फार आवडतं की तो फेअरी खऱ्या की खोट्या या वादात पडतच नाही. एका माणसाने गोष्ट सांगितली आणि हायवेने मान दिला, हे घडलंय, ते नीट ऐका, असं तो म्हणतो. एक साधं झाड तोडू नका म्हणून पर्यावरणाचा अर्ज केला असता तर इतक्या जणांनी ऐकलं असतं का, मला शंका आहे.

वेक्सफर्डकडे मायकल फॉर्च्यून म्हणून एक आर्टिस्ट आहे, तो मे बुश लावायची रीत परत घरोघरी नेतोय. १ मेच्या आदल्या संध्याकाळी हॉथॉर्नची फांदी दारासमोर रोवायची आणि तिला रिबिनी आणि रंगवलेल्या अंड्यांची टरफलं लटकवायची, टरफलं ईस्टरपासून जपून ठेवलेली. घरात मात्र ती फांदी आणायची नाही. तो गावोगावी म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करतो आणि तेच त्याचं काम. गॅलरीत फारसं काही टांगायला नाही यात, पण मला हे कुठल्याही इन्स्टॉलेशनपेक्षा कमी वाटत नाही.

आता बोरा. ज्यांना एकच जागा बघायचीय त्यांनी ऑफली काउंटीतल्या लॉक बोराला (लॉक म्हणजे तळं) जावं असं मी सगळ्यांना सांगते. हा मिडलंड्सचा, म्हणजे देशाच्या मधला भाग, टुरिस्ट सहसा इथून गाडीने पुढे निघून जातात. १९४६ मध्ये बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी झाली आणि यंत्रांनी मोठ्या प्रमाणावर पीट काढलं जाऊ लागलं, बॉगवर छोटे रूळ टाकले, त्यावरून डब्यांच्या गाड्या पॉवर स्टेशनला. गावंच्या गावं या नोकरीवर उभी राहिली, आजोबा, बाप, मुलगा. हजारो वर्षांत साठलेलं काही दशकांत खरवडून संपलं. बोराला पीट काढता काढता खाली १९७७ मध्ये चुली सापडल्या, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तळ्याकाठी राहून मासे आणि रानडुकरं खाणाऱ्या लोकांच्या. म्हणजे बॉग वाढायच्याही आधीची माणसं. आता त्या संपलेल्या बॉगवर तळी केलीत, झाडी आपोआप आलीय, ग्रे पार्ट्रिज हा तितरासारखा पक्षी आयर्लंडात जवळपास संपला होता तो याच भागात तग धरून राहिला.

आणि इथेच २००२ पासून शिल्पं आहेत, केविन ओड्वायर या चांदीकाम करणाऱ्या कलाकाराच्या पुढाकाराने सुरू झालेली. मायकल बुल्फिनची 'स्काय ट्रेन' मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसूच आलं आनंदाने, पीट वाहणारी खरी जुनी गाडी, इंजिन आणि मागे डबे, एका कमानदार उंचवट्यावर चढवून ठेवलीय, जणू आता आकाशात निघाली. जवळ गेलं की हसू जातं. गंज हाताला लागतो, लोखंड झिजून गुळगुळीत झालेल्या जागा दिसतात, इथे कोणीतरी वर्षानुवर्षं हात ठेवलाय, इथे पाय. 'टिपलर ब्रिज' हे ओड्वायरचं स्वतःचं काम, डबे उलटे करून पीट खाली ओतणारं जे यंत्र होतं त्याचंच केलेलं, त्यातून आरपार चालत जाता येतं. इथे काम केलेली माणसं नातवंडांना घेऊन येतात. एक आजोबा इंजिनाकडे बोट दाखवून मुलाला काहीतरी गिअरबद्दल समजावत होते, कलेबद्दल एक अक्षर नाही, आणि मला वाटलं हे शिल्प ज्याच्यासाठी आहे तो माणूस हाच.

शॅननब्रिजचं पॉवर स्टेशन डिसेंबर २०२० मध्ये बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात बोर्ड ना मोनाने पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. हवामानाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवं होतं, कोरडा पडलेला बॉग सतत कार्बन सोडत राहतो. पण ज्या माणसाला चाळीस वर्षं सांगितलं की तू देश उजळवतोयस त्याला एका दिवशी तू देश बिघडवलास असं ऐकायला लागलं तर त्याने काय करायचं? बोराची शिल्पं या प्रश्नाला बगल देत नाहीत असं मला वाटतं. त्या माणसांची यंत्रं भंगारात न घालता त्यांच्याच जमिनीवर मानाने उभी केली, हा मला निरोपाचाच विधी वाटतो.

मेयोच्या त्या सहकारीच्या माहेरी मी एका उन्हाळ्यात टर्फ उभं करायला गेले होते. घरच्यापुरतं अजून काही लोक काढतात. ओल्या विटांसारखे लांबट तुकडे बॉगवर पसरलेले असतात, त्यातले चार-पाच एकमेकांना टेकवून उभे करायचे आणि वर एक आडवा, म्हणजे मधून वारा जातो आणि वाळतात. अर्ध्या तासात कंबर धरते. हात काळे, पण वास मात्र स्वच्छ, पावसानंतरच्या मातीसारखा. शेजारपाजारचे सगळे येतात, आज तुझं उद्या माझं, त्याला इथे मेहल म्हणतात, आपल्याकडे गावात इर्जिक असायचं ते अगदी हेच, फक्त शेवटी जेवणाच्या जागी चहा आणि हॅम सँडविच. त्या दिवसानंतर चित्रकार शॉन मॅक्स्वीनीची चित्रं मला वेगळी दिसायला लागली. स्लायगोच्या समुद्राकाठी बॅलीकॉनेलला राहून त्याने वर्षानुवर्षं बॉगमधली डबकी रंगवली, २०१८ मध्ये गेला. गडद, जाड रंग, मध्ये एक चौकोनी पाणी, त्यात आभाळ. ते चौकोन निसर्गाने केलेले नाहीत, टर्फ कापून कापून पडलेले खड्डे आहेत. फावड्याने आखलेली चौकट आहे ती.

दिअर्द्रा ओमाहनी या आर्टिस्टबद्दल लिहिल्याशिवाय ही पोस्ट पुरी होणार नाही. क्लेअरमधला बर्न भाग, सगळा उघडा चुनखडीचा दगड, आणि त्या भेगांतून वसंतात जेन्शनची गडद निळी फुलं. ही फुलं टिकली ती गुरांमुळे, इथे उलटं आहे, गुरं हिवाळ्यात डोंगरावर नेतात, दगड उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो आणि गुरं वाढलेलं गवत खाऊन टाकतात, म्हणून वसंतात फुलांना जागा मिळते. १९९० च्या दशकात मुलामोर डोंगरापाशी सरकारला पर्यटक केंद्र बांधायचं होतं, त्यावरून दहा वर्षं भांडण चाललं, शेजारी शेजाऱ्याशी बोलेना. २००० मध्ये परवानगी नाकारली गेली पण मनं तुटलेलीच. ओमाहनीने किलनाबॉय गावातलं बंद पडलेलं पोस्ट ऑफिस घेतलं आणि २००७ मध्ये 'एक्स-पीओ' म्हणून उघडलं. स्वतःची चित्रं लावायला नाही. गावकऱ्यांना बसायला, बोलायला, जुने फोटो आणायला. १९३० च्या दशकात हार्वर्डचे अभ्यासक या भागातल्या रिनामोनात येऊन लोकांवर लिहून गेले होते, आता गावातल्याच लोकांनी बसून स्वतःच्या घरांचा, कुटुंबांचा नकाशा केला. अलीकडे तिने शेतकरी, शास्त्रज्ञ, धोरणवाले अशांना एका पंगतीत जेवायला बसवलं, मातीबद्दल, खतांबद्दल, कर्जाबद्दल बोलतं केलं आणि त्या बोलण्यातून गाणी रचून घेऊन 'द क्विकनिंग' ही फिल्म केली, २०२४ मध्ये डब्लिनच्या डग्लस हाइड गॅलरीत लागली होती. गांडुळांपासून सबसिडीपर्यंत सगळं गाण्यात. शेतकऱ्याला शत्रू न करता शेतीबद्दल कडक बोलता येतं हे मी तिथे पाहिलं.

डॉरथी क्रॉस या आर्टिस्टचं 'घोस्ट शिप' मात्र मला प्रत्यक्ष बघायला मिळालं नाही, मी तेव्हा शाळेत होते. १९९९ मध्ये तिने एक निवृत्त लाइटशिप, म्हणजे खडकांपाशी नांगर टाकून दिवा दाखवणारी बोट, चमकणाऱ्या रंगाने रंगवली आणि डन लेअरीजवळच्या खाडीत उभी केली. रात्री तिच्यावर प्रकाश टाकायचा, ती हिरवट उजळायची, मग हळूहळू विझायची, परत उजळायची. त्या बोटींची जागा आपोआप चालणाऱ्या दिव्यांनी घेतली होती. डब्लिनकर अजून त्याबद्दल बोलतात, आमच्या घरमालकीणबाई तर हातवारे करून सांगतात. २०२४ च्या व्हेनिस बिएनाले या जागतिक कला-प्रदर्शनात इमर वॉल्शने आयर्लंडच्या दालनात मातीचं अर्धवट, पडक्यासारखं घर उभं केलं होतं आणि त्यात घरातून हाकलून दिलेल्यांची संगीतिका. आजच्या डब्लिनमध्ये भाडं भरणाऱ्या कोणालाही ती कळेल.

आणि लॉक नेय. उत्तर आयर्लंडातलं, आयर्लंड आणि ब्रिटन या दोन्ही बेटांमधलं सगळ्यात मोठं तळं, जवळपास ३९० चौरस किलोमीटर, उत्तर आयर्लंडचं साधारण ४० टक्के पिण्याचं पाणी तिथून येतं. २०२३ च्या उन्हाळ्यात ते निळ्या-हिरव्या शेवाळाने भरलं. शेतातली खतं आणि शेणखत वाहून आलेलं, सांडपाणी, आणि गरम होत चाललेलं पाणी. वरून बघाल तर परत तोच हिरवा रंग. कुत्री मेली, पोहणं बंद, मासेमारीवर जगणारी घरं हवालदिल. त्या सप्टेंबरात लोकांनी बॅलीरोननच्या काठावर तळ्याचा वेक केला, इथे माणूस गेला की प्रेताशेजारी रात्रभर जागतात, गातात, त्याच्या गोष्टी सांगतात तो वेक. शवपेटी खांद्यावर घेऊन पाण्यापाशी नेली. ते कुठल्या म्युझियमने आयोजित केलेलं नव्हतं, आंदोलन होतं. पण त्यात आर्टिस्ट होते, कोळी होते, लहान पोरं होती. तळं अजून मेलेलं नाही, म्हणून काहींना ते अतिरेकी वाटलं. मला नाही वाटलं. पुढच्या उन्हाळ्यातही शेवाळ परत आलं, म्हणजे रडणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं.

कोणी इकडे येणार असेल तर इम्मा किलमेनममध्ये आहे, डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून चालत जाता येतं आणि बहुतेक प्रदर्शनं फुकट असतात. बोराला गाडी लागतेच, आणि वॉटरप्रूफ बूट, जुलैतसुद्धा. डेरीगिमलाची वाट सोपी आहे पण आखलेला रस्ता सोडून गवतात पाय टाकू नका, ते गवत नाहीये.